नळाच्या पाण्याचा तो वास

पावसाळ्यातले पहिले दोन-तीन मोठे पाऊस पडून गेले की शहरात घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आज पाण्याला औषधाचा वास येतोय." औषध म्हणजे क्लोरीन. गावाकडच्या भाषेत टीसीएल पावडर. वाक्याचा सूर नेहमी तक्रारीचा असतो. माझं मात्र उलटं आहे. वास आला की मला बरं वाटतं, आणि बरेच दिवस आला नाही की जरा शंका येते. हे असं का, ते सांगायचं तर शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका कोर्टकेसपासून सुरुवात करावी लागेल. वीकांत आहे, चहा घेऊन बसा.

न्यूयॉर्कच्या समोर, हडसन नदीच्या पलीकडच्या काठावर जर्सी सिटी नावाचं शहर आहे. (ऑनसाइटला गेलेल्या आपल्या मंडळींना ते चांगलंच माहीत असेल. तिथल्या इंडिया स्क्वेअरमध्ये इडली खाऊन आलेले वाचक इथेही असतील.) १८९९ मध्ये या शहराने नव्या पाणीपुरवठ्यासाठी एका खाजगी कंपनीशी करार केला. कंपनीने बूनटन या गावी धरण बांधायचं, तिथून सुमारे ३७ किलोमीटर लांब पाइपलाइन टाकायची आणि शहराला 'शुद्ध आणि आरोग्यदायी' पाणी द्यायचं. १९०४ मध्ये पाणी सुरू झालं. बिल द्यायची वेळ आली तेव्हा शहर म्हणालं, पाणी शुद्ध नाही, आम्ही पूर्ण पैसे देणार नाही. मग काय, कोर्ट.

मे १९०८ मध्ये न्यायाधीश फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचा निकाल आला. एरवी पाणी चांगलं आहे, पण वर्षातून दोन-तीन वेळा मोठा पाऊस झाला की वरच्या गावांची घाण धरणात वाहून येते. तेव्हा कंपनीने त्या गावांत गटारं बांधावीत, किंवा पाणी शुद्ध राखणारी 'अन्य योजना अथवा साधनं' वापरावीत. स्पेसिफिकेशनमधली अशी एक सैल ओळ पुढे कुठे घेऊन जाते, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

कंपनीचा आरोग्य सल्लागार होता डॉ. जॉन लील. याची गोष्ट मला फार आवडते. त्याचे वडीलही डॉक्टर. अमेरिकन यादवी युद्धात सैन्याबरोबर असताना चार्ल्सटनच्या वेढ्यात त्यांना आतड्याचा आजार जडला, आणि पुढे बरीच वर्षं त्याने कुरतडून १८८२ मध्ये त्यांना नेलं. घाणेरडं पाणी माणसाचं काय करतं हे मुलाने घरातच पाहिलं होतं. पुढे तो पॅटरसन शहराचा आरोग्य अधिकारी झाला. साथ आलेल्या घरांत ब्लिचिंग पावडरचं पाणी शिंपडणं हे त्याचं रोजचंच काम. त्या काळी पाण्यात 'केमिकल' घालणं म्हणजे लोकांना विष पाजणं, असं भल्याभल्या तज्ज्ञांचं मत होतं. पण लीलने जीवाणूशास्त्र प्रयोगशाळेत शिकून घेतलं होतं. किती कमी पावडरमध्ये किती जंतू मरतात याचा त्याला अंदाज होता.

त्याने जॉर्ज फुलर या त्या काळच्या नावाजलेल्या पाणी-अभियंत्याला हाताशी धरलं आणि ९९ दिवसांत प्लांट उभा केला. २६ सप्टेंबर १९०८ ला तो सुरू झाला. रोज सुमारे ४ कोटी गॅलन पाणी, आणि ते पिणारी २ लाख माणसं. आपल्या भाषेत सांगायचं तर थेट प्रॉडक्शनवर डिप्लॉय, तेही क्लायंटला न विचारता.

शहराच्या वकिलाने दुसऱ्या सुनावणीत हेच पकडलं. जगात आणखी कुठे एवढ्या मोठ्या शहराच्या पाण्यात ही पावडर अशी घातली आहे का? लील म्हणाला, कुठेही नाही. म्हणजे तुमचा प्रयोग चांगला की वाईट हे ठरवायला जर्सी सिटी? नाही, म्हणाला, प्रयोग संपलाय, जर्सी सिटी त्याचा फायदा घेणारं पहिलं शहर आहे. शहराला आधी कळवलं होतं का? नव्हतं. तुम्ही स्वतः हे पाणी पिता का? पितो. घरच्यांना द्याल का? देईन. १९१० मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

लीलचं धाडस मला थोर वाटतं, पण त्याची पद्धत मला आजही खटकते. दोन लाख लोकांना न सांगता त्यांच्या पाण्यात काही घालणं आज कुठल्याही शहरात चालणार नाही, आणि चालूही नये. त्याचं गणित बरोबर निघालं हे आपलं नशीब.

तसं पाहिलं तर क्लोरीन त्याच्या आधीही वापरला गेला होता. १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये मेडस्टोन इथे टायफॉइडची मोठी साथ आली, तेव्हा पाण्याचे पाइप ब्लिचिंग पावडरने धुऊन काढले होते. १९०५ मध्ये लिंकन इथे अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी साथ थोपवायला सतत क्लोरीन घातला. पण ते साथीपुरतं. साथ नसताना, रोज, कायमचं घालायचं आणि मोठ्या शहराला पाजायचं, हे अमेरिकेत जर्सी सिटीपासून सुरू झालं आणि वणव्यासारखं पसरलं. १९१८ पर्यंत तिथल्या हजाराहून जास्त शहरांत क्लोरीन होता. १९०० मध्ये अमेरिकेत दर लाख लोकांमागे टायफॉइडचे सुमारे १०० रुग्ण असत, १९२० पर्यंत ते ३३.८ वर आले. याचं सगळं श्रेय क्लोरीनला द्यायची एक पद्धत आहे. २००५ मध्ये कटलर आणि मिलर या अर्थतज्ज्ञांनी तर शहरांतल्या मृत्यूंमध्ये झालेल्या घटीचा जवळपास अर्धा वाटा शुद्ध पाण्याचा असं मांडलं होतं. पुढे इतरांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि तो वाटा बराच कमी निघाला. दूध, गटारं, खाणंपिणं, सगळंच त्या काळात सुधारत होतं. टायफॉइडवर पाण्याचा परिणाम झाला याबद्दल मात्र फारसा वाद नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. पाणी शुद्ध करायचे उपाय बरेच आहेत. वाळूतून गाळता येतं, उकळता येतं, अल्ट्राव्हायोलेट किरणं सोडता येतात. हे सगळे त्या जागी, त्या क्षणी काम करतात आणि मग पाण्याला रामराम म्हणतात. क्लोरीनचं तसं नाही, तो पाण्याबरोबर प्रवास करतो. लीलने प्लांट सुरू केला त्याच १९०८ साली लंडनमध्ये हॅरिएट चिक या संशोधिकेने जंतू मरण्याचं गणित मांडलं. एका फटक्यात सगळे मरत नाहीत, वेळ जाईल तसे ठरावीक प्रमाणात कमी होत जातात. म्हणजे थोडा क्लोरीन आणि भरपूर वेळ, हे चालतं. बूनटनपासून शहरापर्यंतचे ते ३७ किलोमीटर म्हणजे फुकटात मिळालेला वेळ. आणि पाणी नळाला पोचल्यावरही क्लोरीन थोडा शिल्लक असला, तर वाटेत कुठे पाइप फुटून गटाराचं पाणी आत आलं तरी त्याच्याशी लढायला कोणीतरी असतं.

या 'शिल्लक' शब्दात सगळं आलं. आपल्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००, २०१२) क्लोरीन घातलेल्या पाण्यात ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलीग्रॅम क्लोरीन शिल्लक पाहिजे. आपल्याकडे तर याची गरज जास्तच. चोवीस तास पाणी नसल्यामुळे पाइप दिवसातला बराच वेळ रिकामे असतात. पाणी गेलं की आतला दाब पडतो आणि बाहेरची घाण फटींतून आत ओढली जाते. माझ्या मामाच्या गावचा जलसुरक्षक रोज सकाळी ओटी टेस्टची बाटली घेऊन नळावर उभा राहतो. दोन थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. मामा म्हणतो, "पिवळं झालं नाही की सरपंचाला फोन." टाकीत पावडर किती टाकली हे तो बघत बसत नाही. शेवटच्या नळाला किती पोचली ते बघतो. एंड-टू-एंड टेस्टिंग याहून वेगळं काय असतं?

अर्थात फुकट काहीच मिळत नाही. १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातल्या योहानेस रूक या रसायनतज्ज्ञाने दाखवून दिलं की नदीच्या पाण्यात कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे जे अंश असतात, त्यांच्याशी क्लोरीनची प्रक्रिया होऊन क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडं तयार होतात. यांना मिळून ट्रायहॅलोमिथेन किंवा टीएचएम म्हणतात. १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने क्लोरोफॉर्ममुळे उंदरांना कॅन्सर होतो असं जाहीर केलं (अर्थात मोठ्या डोसमध्ये), आणि ६८ वर्षं ज्याला तारणहार म्हटलं तो एकदम आरोपीच्या पिंजऱ्यात आला. अमेरिकेने १९७९ मध्ये टीएचएमवर लिटरला १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली, ती नंतर ८० वर आणली.

मग धोका किती खरा? काही अभ्यासांत जास्त टीएचएम असलेलं पाणी वर्षानुवर्षं पिणाऱ्यांत मूत्राशयाच्या कॅन्सरशी संबंध दिसला आहे. पण कारण नेमकं तेच का, हे पक्कं झालेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर विभागाने १९९१ मध्ये क्लोरीनयुक्त पाण्याला 'वर्गीकरण करता येत नाही' अशा गटात टाकलं. संघटनेची भूमिका सरळ आहे: टीएचएम कमी करा, पण त्यासाठी निर्जंतुकीकरणाशी तडजोड करू नका. मलाही हेच पटतं. टीएचएमचा धोका असलाच तर अनेक वर्षांत मोजायचा. कॉलऱ्याला एक दिवस पुरतो.

इथे पेरू देशाची गोष्ट हमखास सांगितली जाते. जानेवारी १९९१ मध्ये तिथे कॉलरा आला आणि त्या वर्षात तीन लाखांहून जास्त लोकांना झाला, सुमारे २९०० गेले. कॅन्सरच्या भीतीने तिथल्या अधिकाऱ्यांनी विहिरींत क्लोरीन घालणं बंद केलं आणि म्हणून हे झालं, असं तेव्हा छापून आलं आणि पुढे जालावर फिरत राहिलं. गोष्ट छान आहे, पण मला ती जरा जास्तच सोयीची वाटते. नंतरच्या अभ्यासकांनी खोदून पाहिलं तर बऱ्याच ठिकाणी क्लोरीनची व्यवस्था आधीपासूनच धड नव्हती. पैसा नाही, यंत्रं बंद, पाणी दिवसाकाठी काही तास, पाइप फुटलेले. टीएचएमची भीती असेलही कुठे कुठे, पण सगळा देश काही एका अमेरिकन अहवालामुळे आजारी पडला नाही. बंद पडलेल्या पंपाला कोणी व्हिलन करत नाही, एवढंच.

याउलट वॉशिंग्टनची गोष्ट कमी सांगितली जाते. टीएचएम कमी करण्यासाठी नोव्हेंबर २००० मध्ये तिथे क्लोरीनऐवजी क्लोरॅमाइन (क्लोरीन अधिक अमोनिया) वापरायला सुरुवात झाली. कागदावर उत्तम निर्णय. पण शहरातल्या जुन्या घरांना शिशाच्या पाइपांतून पाणी येत होतं. इतकी वर्षं तिखट क्लोरीनमुळे पाइपांना आतून शिशाच्या ऑक्साइडचा एक घट्ट थर बसला होता आणि त्यानेच शिसं आत कोंडून ठेवलं होतं. क्लोरॅमाइन आल्यावर तो थर विरघळू लागला. लिटरला १५ मायक्रोग्रॅमवर कारवाई करायची असा नियम असताना काही घरांत ३०० च्या वर शिसं निघालं. जानेवारी २००४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने छापेपर्यंत बहुतेक लोकांना पत्ता नव्हता. व्हर्जिनिया टेकचे मार्क एडवर्ड्स यांनी पुढे अनेक वर्षं या प्रकरणाचा पाठपुरावा केला. कोणाला माहीत नसलेली डिपेंडन्सी आणि एक निरुपद्रवी वाटणारा बदल! आपल्याकडे बहुतेक ठिकाणी साधा क्लोरीनच असतो, त्यामुळे हे दुखणं सध्या आपलं नाही.

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. आमच्याकडे बाळ आल्यावर फिल्टर बदलायचं ठरलं आणि एक सेल्समन डेमो द्यायला आला. दोन ग्लास, एकात आमचं नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत विजेच्या सळया. मिनिटभरात आमचं पाणी तपकिरी, गढूळ, त्याचं स्वच्छ. "सर, हे तुम्ही बाळाला पाजता?" बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला म्हटलं, तुमच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून परत करून दाखवा. तो आधी तयारच होईना. शेवटी केलं, तर त्याचंही पाणी तपकिरी! घाण पाण्यात नव्हतीच, लोखंडी सळई विरघळत होती. क्षार असले की वीज वाहते आणि सळई विरघळते. आरओच्या पाण्यात क्षार नसतात, म्हणून ते स्वच्छ दिसतं. टीडीएस मीटरचंही तेच, तो वीज किती वाहते हे मोजतो. त्याला टायफॉइडचे जंतू दिसत नाहीत.

आणि आरओबद्दल एक गोष्ट डेमोत कोणी सांगत नाही. आरओचा पडदा क्लोरीनने खराब होतो. म्हणून मशीनमध्ये पडद्याच्या आधी कार्बन असतो आणि तो क्लोरीन काढून टाकतो. म्हणजे धरणापासून शेवटच्या नळापर्यंत जो आपल्यासाठी लढत आला, त्याला आपण दारातच नारळ देतो, आणि मग ते उघडं पाणी मशीनच्या टाकीत तासन्‌तास ठेवतो. वेळेवर न बदललेल्या कार्बनमध्ये तर जंतूंना राहायला छान जागा मिळते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गिलियन बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू सापडला आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं. तेव्हा महापालिकेने त्या भागातल्या काही खाजगी आरओ प्लांटनाही टाळं लावलं, कारण तिथलं पाणीच पिण्यालायक निघालं नाही. जारवर 'आरओ' लिहिलं की पाणी निर्जंतुक होतं, असं नाही.

म्हणजे फिल्टर नकोच का? असं मी म्हणत नाही. क्लोरीनलाही मर्यादा आहेत. १९९३ मध्ये मिलवॉकी शहरात क्लोरीन घातलेल्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा चिवट जीव गेला आणि सुमारे ४ लाख लोक आजारी पडले, कारण क्लोरीन त्याला मारू शकत नाही. तिथे गाळणं किंवा यूव्हीच लागतं. शिवाय बाळ, म्हातारी माणसं, आजारी माणूस घरात असेल तर शेवटची एक पायरी असावीच. प्रश्न फक्त कुठली, आणि तिच्यानंतर काय, हा आहे.

पाणी बोअरचं किंवा टँकरचं असेल आणि तपासणीत क्षार, नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त निघालं (चंद्रपूर-यवतमाळकडे फ्लोराइड आहेच), तर आरओला पर्याय नाही, खुशाल घ्या. पण आमच्यासारखं महापालिकेचं, खडकवासल्याचं मुळातच कमी क्षारांचं पाणी असेल तर आरओ कशाला? घरगुती मशीन एक लिटर पाण्यासाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० पेक्षा कमी टीडीएस असेल तिथे आरओ नको असं म्हटलं होतं, त्यावर पुढे बरीच कायदेशीर ओढाताण झाली. अशा पाण्याला कार्बन आणि त्यानंतर यूव्ही पुरेसं आहे. कार्बनने वास आणि टीएचएम जातात, यूव्हीने जंतू. फक्त यूव्ही सगळ्यात शेवटी पाहिजे, पाणी गढूळ नको, आणि मशीनला मोठी टाकी नको. लागेल तेवढं काढा आणि प्या. गॅसची शेगडी आणि पातेलं हा पर्यायही वाईट नाही, आमच्या आईचा अजून तोच आहे.

फिल्टरच्या आधी मी एक काम मात्र नक्की करेन. क्लोरीन मोजायचा किट काही शे रुपयांत मिळतो. ओटीऐवजी हल्ली डीपीडी वापरतात, त्याने पाणी गुलाबी होतं. (तपासलेलं पाणी मोरीत ओतायचं, पिण्याच्या भांड्यात नाही.) आम्ही एका रविवारी सोसायटीत चार ठिकाणी तपासलं. महापालिकेच्या मीटरपाशी झकास गुलाबी. जमिनीतल्या टाकीत जरा फिकं. गच्चीवरच्या टाकीत डोळे बारीक करून पाहावं लागेल इतकंच. तिचं झाकण अर्धवट उघडं होतं आणि तळाला गाळ होता, ती त्याच आठवड्यात धुऊन घेतली आणि पुढच्या रविवारी रंग बऱ्यापैकी परत आला. चौथी जागा म्हणजे आमचा फिल्टर. तिथे अर्थातच काही रंग नाही. म्हणून त्याच्यातून भरलेलं पाणी रात्रभर ठेवत नाही, संध्याकाळी उरलेलं बाल्कनीतल्या कुंड्यांना जातं.